आमदाराच्या डिकीतली कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि मला राग फार आहे. लोखंडाला कुठला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! अंगाला सोनेरी रंग फासून, गळ्यात फीत बांधून, एका आमदाराच्या गाडीच्या डिकीत तुम्हाला वर्षानुवर्षं कोंबलं असतं, तर तुम्हीही असेच तडतडला असता.

माझा जन्म उरणच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. एका अंगाला टोक, दुसऱ्या अंगाला चपटं पातं. बाभळीचा दांडा मात्र माझ्या धन्याने, पंढरीकाकांनी, स्वतः तासून बसवला. काका मोहखारचे. आज उलव्याच्या टॉवरांमागे खाडीच्या बाजूला जे गाव दडून बसलंय, तेच मोहखार. तेव्हा तिथे भाताची खारजमीन होती आणि खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत. अमावास्या-पुनवेला उधाण आलं आणि बांध फुटला, की सगळा गाव धावायचा. काका मला खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे असायचे. काय ते दिवस होते! मी चिखलात कमरेपर्यंत माखायचे आणि संध्याकाळी भागीरथीकाकी मला ओढ्यावर नेऊन घासूनपुसून आणायची.

आमच्या घरात एक रीत होती. घराचा पाया असो, विहीर असो, लग्नाच्या मांडवाची मेढ असो, पहिली कुदळ मारणाऱ्याने स्वतः हातभर खोल खणायचं. त्याआधी नारळ फुटायचा नाही. खणून झालं की काकी बांगड्या मागे सारायची आणि कोपरापर्यंत हात खड्ड्यात घालायची. कोपर जमिनीला टेकलं, तरच ती नारळ पुढे करायची. "अर्धा खड्डा मानूस मागतो," असं ती म्हणायची. लोक हसायचे, पण खणायचे.

मग शहर आलं. शेतं गेली, बांध गेले, काकांनी मिळालेल्या जागेवर चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. मी भिंतीवरच्या खुंटीला लागले. दसऱ्याला हळदकुंकू आणि भाताची लोंबी मिळायची, तेवढ्यावर मी समाधानी होते. म्हातारपणी आणखी काय हवं असतं?

पण गावावर एक संकट आलं. पाणी खाडीत नेणारा गावचा नाला होता, त्याचं तोंड भरावाखाली बुजत चाललं. शहराच्या रस्त्यांना भराव लागतो, उरलेला राबिट, म्हणजे तोडफोडीचा विटा-सिमेंटचा कचरा, कुठेतरी टाकावा लागतो, आणि गरिबाच्या दाराइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? उधाणाला खाडीचं पाणी आत यायचं आणि ओहोटी लागली तरी बाहेर जायचं नाही. सगळ्यात आधी ते काकांच्या उंबऱ्यावर चढायचं, कारण त्यांचं घर नाल्याच्या कडेला.

आता धनेशशेठची ओळख करून देते. नाव घेतलं तरी माझ्या दांड्याला कळ लागते. हा मोहखारचाच. लहानपणी काकांच्या बांधावर खेकडे पकडायचा, काकीच्या हातची तांदळाची भाकरी खायचा. मोठा झाल्यावर डंपर घेतले, भरावाची कामं घेतली आणि शेठ झाला. मग निवडणुकीला उभा राहिला. गावदेवीसमोर हात जोडून म्हणाला, "निवडून आलो की पहिला काम नाल्याचा." आपला पोर म्हणून गावाने त्याला डोक्यावर घेतलं. घरटी मतं पडली आणि तो आमदार झाला.

नाल्याच्या भूमिपूजनाला मला खुंटीवरून काढलं. काकांच्या कुदळीला पहिला मान! मी तर हरखूनच गेले. धनेशशेठ रेशमी कुर्ता घालून आला. त्याने एक घाव घातला, मातीत दोन बोटं खड्डा पडला आणि फोटो निघाले. रीत त्याला ठाऊक होती, म्हणून तो दुसऱ्यांदा वाकला. तेवढ्यात काकाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे बाबा, कपरे खराब होतील. आमदार झालास आता."

"हात तरी पुरू दे," काकी पुटपुटली.

"आपलाच पोर हाय गो!"

नारळ फुटला. धनेशशेठच्या नावाची काळ्या दगडाची पाटी उभी राहिली. पेढे वाटले. जाताना त्याने काकांच्या पाया पडून मलाच मागून घेतलं. "काका, ही कुदल लय लकी हाय. माझ्याजवल ऱ्हाऊ दे. नाला झाला की वाजतगाजत आनून देतो." काकांची छाती फुगली. माणूस मायेने आंधळा होतो तो असा, मित्रांनो.

दुसऱ्याच दिवशी मिथुन नावाच्या त्याच्या कार्यकर्त्याने मला सोनेरी रंग फासला. दांड्याला इतकं गुळगुळीत पॉलिश केलं की माशी बसली तरी घसरावी. गळ्यात पक्षाच्या रंगाची साटीनची फीत बांधली. आणि सुरू झाली आमची वरात! कामोठ्यात बागेचं भूमिपूजन, बाग कुठे दिसली नाही. उलव्यात बसथांब्याचं भूमिपूजन, लोक अजून उन्हात उभे आहेत. वाशीला तर कहर झाला. तिथे फूटपाथला पेव्हर ब्लॉक होते, ते कोण उखडणार? मिथुनने घरून परात आणली, परातीत कुंडीतली माती भरली, गालिच्यावर ठेवली आणि धनेशशेठने मला त्या परातीत टेकवलं. टाळ्या! परातीत पीठ मळतात हो! जिने फुटलेल्या बांधाशी झुंज घेतली, तिला कुंडीतल्या मातीत बुडवून फोटो काढले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सभागृहात तो काय दिवे लावत होता, ते डिकीत पडल्या पडल्या मला ऐकू यायचं. मिथुन विचारायचा, "साहेब, या अधिवेशनात मोहखारचा नाला घ्यायचा का?" पुढून उत्तर यायचं, "बघू ना यार, नेक्स्ट टाइम." मधेच एकदा साहेबांनी पक्ष बदलला. गावाला ते वर्तमानपत्रातून कळलं. मला फीत बदलली तेव्हा कळलं. नवी फीत आधीच शिवून ठेवली होती.

फीत बदलली म्हणून नाल्याचं भूमिपूजनही पुन्हा केलं. या वेळी फ्लेक्स लावला. नाल्यातला भराव आणखी वर आला होता आणि पहिली दगडी पाटी कुठेच दिसत नव्हती, पण ती कुणी शोधलीही नाही. एक घाव, एक नारळ, चला गाडीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पण त्या वेळी रील चांगली दिसावी म्हणून जेसीबी बोलावला. त्याने काकांच्या दारापासून चार पावलांवर एक खड्डा काढला, ड्रोन वर गेला, खाली आला आणि जेसीबी निघून गेला. खड्डा तसाच राहिला.

आषाढात उधाण आलं. पुढचं मला नंतर काकीच्या बोलण्यातून कळलं. पाण्याने अंगण, वाट, खड्डा सगळं सारखं करून टाकलं. काका दारातली बांबूची मोळी वाचवायला बाहेर पडले आणि त्या खड्ड्यात गेले. खुब्याचं हाड मोडलं. काका खाटेला खिळले ते खिळलेच. काकीने खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. उधाण आलं की पाणी खाटेखाली शिरायचं. काका वर छताकडे बघत पडायचे आणि काकी तांब्याने पाणी उपसत बसायची. अर्धा खड्डा माणूस मागतो, असं ती आयुष्यभर म्हणत आली, आणि खड्ड्याने मागितला तो तिचाच माणूस.

धनेशशेठ भेटायला आला. सफरचंदं आणली होती आणि कॅमेराही.

"काकी, टेन्शन घेऊ नको. सगला नीट होईल."

"सफरचंद उचल," काकी म्हणाली. "नाला दे. नायतर आमची कुदल दे, आमी खनतो."

तो हसला. "आता ती आपल्या ऑफिसची शान हाय, काकी."

खरंच, डिकीतून काढून मला त्याने वाशीच्या संपर्क कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'विकासाची कुदळ'. गंज चढला असता तरी इतकी लाज वाटली नसती.

पाच वर्षं संपत आली. निवडणूक तोंडावर आली तशी साहेबांना अचानक मोहखारची आठवण झाली. कोजागिरीच्या आधी, आचारसंहिता लागण्याअगोदर, नाल्याचं पुन्हा भूमिपूजन ठरलं. मांडव पडला, गाव जमला, मला काचेतून काढलं. काकांनी हट्ट धरला म्हणून पोरांनी त्यांची खाट उचलून दारात आणून ठेवली. धनेशशेठने मला हातात घेतलं, एक घाव घातला, मिथुनने फोटो काढला आणि साहेबांनी नारळासाठी हात पुढे केला.

नारळ काकीच्या हातात होता. तिने तो पदराखाली घेतला.

"हातभर खन," ती म्हणाली.

"काकी, कार्यक्रमाला उशीर होतोय. पुढं कामोठ्याला—"

"हातभर खन, मंग नारल."

धनेशशेठने आशेने काकांकडे पाहिलं. सगळ्या गावाने काकांकडे पाहिलं. मलाही धाकधूक होती, म्हातारा पुन्हा विरघळतो की काय! काका उशीवरून मान उचलून म्हणाले, "त्या टायमाला मीच तुना सोरला, धनेश. आज नाय सोरनार. कपरे खराब होऊ दे."

समोर मतदार होते, सगळ्यांचे मोबाइल वर होते. पळणार कुठे? साहेबांनी बाह्या सारल्या. आणि मित्रांनो, पाच वर्षांचा राग मी त्या दिवशी काढला! पॉलिशचा दांडा त्याच्या घामेजल्या हातातून सटासट सटकत होता. खाली माती कुठली, सगळा राबिट. विटा, सिमेंटची ढेकळं, फुटक्या लाद्या. माझा सोनेरी रंग टवक्याटवक्याने उडाला आणि खालचं काळं लोखंड उघडं पडलं. तळहाताला फोड आले, कुर्ता पाठीला चिकटला. तो थांबला की काकी वाकायची, खड्ड्यात हात घालायची आणि म्हणायची, "नाय पुरला."

हात पुरेल एवढं खोल झालं आणि मी खणकन वाजले. काकीने हातानेच राबिट बाजूला केला. खाली काळा दगड होता. पुसल्यावर अक्षरं दिसली: 'शुभहस्ते, मा. आमदार धनेशशेठ.' ती पहिल्या भूमिपूजनाची पाटी होती! नाल्यात भराव टाकणारे डंपर कुणाचे, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आपला पोर म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं. त्याच्याच डंपरने त्याचीच पाटी गाडली होती.

 काकीने कोपरापर्यंत हात घातला, बोटं दगडाला टेकली. "पुरला," ती म्हणाली, आणि नारळ धनेशशेठला न देता तिने स्वतः पाटीवरच्या त्याच्या नावावर फोडला. साहेब गाडीत बसून गेले. मला न्यायला मात्र मिथुन विसरला, की घाबरला, देव जाणे.

त्याच दुपारपासून गाव नाल्यात उतरला. मी या हातातून त्या हातात फिरले. खाडीपर्यंत एक चर मोकळा झाला, फार रुंद नाही, पण पाणी जाईल एवढा. तोंडाशी झडप हवी होती, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी. फळ्या कमी पडल्या, तेव्हा काकीने ती दगडी पाटी दाखवली. भरतीला ती चरावर आडवी लावायची, ओहोटीला बाजूला करायची. चपखल बसली.

कोजागिरीचं उधाण आलं. पाणी चढलं, पाटीला थडकलं आणि तिथेच थांबलं. काकीने तांब्या हातात धरला होता, तो तसाच कोरडा राहिला. काकांनी खाटेवरून हात खाली सोडला, जमीन चाचपली आणि लहान पोरासारखे रडले. निवडणुकीत धनेशशेठ पडला, हे मी शेवटी सांगते कारण गावात त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पाच वर्षांत पाटीवरच्या त्याच्या नावाने मोहखारसाठी काही केलं असेल, तर एवढंच की ते अजून पाणी अडवतं.

मी पुन्हा माझ्या खुंटीवर आहे. रंग पार उडालाय, दांड्यावर चार नवे ओरखडे आहेत आणि काकी मला पूर्वीसारखी घासते. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारात कुणीतरी रेशमी कुर्ता घालून येईल. तो तुमचाच असेल, तुमच्याच ताटात जेवलेला असेल, आणि तुम्हाला त्याची माया येईल. माया करा, भाकरी वाढा. पण नारळ पदराखाली धरा आणि आधी खड्ड्यात हात घालून बघा.