मास्तरांचा दुसरा ब्रेक

मित्रांनो, तुमची-माझी गाठ बहुधा कधी पडलेली नाही, कारण घरच्या गाडीत मी नसतोच. मी असतो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. तिथेही चालवणाऱ्याच्या पायाशी नाही, तर शेजारच्या सीटवर बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. मी एक जुना, झिजलेला दुसरा ब्रेक आहे. शिकणाऱ्याचं भान सुटलं की मास्तरांनी मला दाबायचं आणि गाडी थांबवायची, एवढंच माझं काम. पण आज लायसन्सच्या परीक्षेचा दिवस आहे, म्हणून मास्तरांनी मला पान्याने सोडवून ऑफिसातल्या खिळ्याला टांगलंय. हल्ली दर परीक्षेला ते असंच करतात. का करतात, ते सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

मला घडवलं एका गॅरेजवाल्या मिस्त्रीने. एक लोखंडी पट्टी, मूळ ब्रेकला जोडणारा एक दांडा आणि वर पाय घसरू नये म्हणून टायरमधून कापलेला रबराचा तुकडा, असं माझं सगळं शरीर. दोन्ही ब्रेक एकाच दांड्याने बांधलेले, त्यामुळे तिकडे शिकणाऱ्याने पाय ठेवला की इकडे मी हलायचो, आणि मास्तरांनी मला दाबलं की तिकडचा ब्रेक खाली जायचा. बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "बघा मास्तर दाबून." मास्तरांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला उचलून सीटवर बसवलं आणि म्हणाले, "उद्घाटन हिच्या पायाने." तिचा पाय पोहोचेना. मग ती सीटवरून घसरत घसरत खाली आली आणि चप्पल काढून तिने मला दोन्ही पायांनी दाबलं. माझ्यावर पडलेले ते पहिले पाय.

पुढे शाळा सुटली की ती कितीतरी वेळा गाडीत येऊन बसायची. मास्तर गल्लीतून गाडी घराकडे आणायचे आणि ती शेजारी बसून प्रत्येक वळणावर मला हळूच दाबायची. "अगं, गाडी मी चालवतोय का तू?" मास्तर ओरडायचे. ती म्हणायची, "तुम्ही चालवा, मी थांबवते." तिची ती सवय मोठेपणीही गेली नाही.

कामाचे दिवस मोठे छान होते. एकदा आमच्या गाडीसमोर चेंडूमागे धावत एक पोरगी आली आणि मास्तरांनी मला असं दाबलं की शिकणाऱ्या काकांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. पोरगी चेंडू घेऊन निघूनही गेली. त्या दिवशी मास्तरांनी माझ्यावर बोटभर तेल सोडलं. शिकवताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा. "अहो, क्लच आहे तो, पायपुसणं नाही! आरशात बघा, भांग पाडायला नाही, मागे कोण आहे ते बघायला!" लोक हसायचे आणि शिकायचे.

माझी घसरण सुरू झाली ती दयेपोटी. शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. परीक्षेत चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुढे न्यायची असते, आणि त्यात त्या दोनदा नापास झालेल्या. तिसऱ्या वेळी त्या स्टिअरिंग घट्ट धरून देवाचं नाव घेत बसल्या होत्या. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर कागदात मान घालून बसले होते. मास्तरांनी मला जरासं दाबून धरलं, गाडी घसरली नाही, बाई पास झाल्या. बाहेर येऊन त्या रडल्या. मास्तर म्हणाले, "काही नाही हो, जरा पाय टेकवला."

'पाय टेकवणं' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. मग एका नर्ससाठी टेकवला, एका दुकानदारासाठी टेकवला, आणि वर्षभरात कोणासाठी टेकवला नाही हे मोजायची वेळ आली. ऑफिसवर पाटी लागली, 'पहिल्याच फटक्यात पास!' लोकांची रीघ लागली. साहेबांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, "मास्तर, आज पाय कसे आहेत?" आणि दोघंही हसले होते. मीही खूश होतो. आपल्यामुळे एवढी माणसं पास होतात, असं मला वाटायचं.

तिकडे मास्तरांची मुलगी शिकली, शाळेत चित्रकला शिकवू लागली, तिचं लग्नही झालं. जावई मनाने अगदी सरळ, पण घाई म्हणजे विचारू नका. चहा गरम असतानाच पिऊन टाकायचे आणि मग तोंड भाजलं म्हणून बोंबलायचे. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी लागत होती, पण गावोगाव फिरायचं म्हणून लायसन्स हवं, आणि तेही महिनाअखेरीच्या आत. ते सासऱ्यांकडेच शिकायला आले. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "बाबा, हे दुसऱ्या गिअरचं पुराण कधी संपणार? हायवेला कधी न्यायचं?"

मास्तर म्हणाले, "हायवेला आम्ही कोणालाच नेत नाही, जावईबापू. तो लायसन्स मिळाल्यावर आपला आपण शिकायचा असतो."

मित्रांनो, हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. परीक्षाही मैदानावरच व्हायची, जिथे धड तिसरा गिअर पडत नाही. सगळ्यात वेगाचा रस्ता सगळ्यांनी एकट्यानेच शिकायचा, यात काही चुकतंय हे मला कधी सुचलंच नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी माहेरी आली. मास्तर गाडी पुसत होते. ती दार उघडून माझ्यासमोरच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "बाबा, उद्या पाय टेकवू नका."

"काय बोलतेस! नोकरीचा प्रश्न आहे त्यांच्या."

"यांना थांबता येत नाही, बाबा. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवतात. स्वतःला वाटतं, छान येतं. नापास झाले तर निदान कळेल तरी. मला शब्द द्या."

मास्तरांनी फडकं पिळलं. "बरं बाई, दिला. पाय खिशात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी साहेब मागे बसले. नियम असा की साहेब अचानक 'थांबा' म्हणणार आणि जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीच्या आत गाडी थांबली पाहिजे. "थांबा!" साहेब म्हणाले. जावयांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच. पट्टी जवळ आली. मास्तरांचा बूट माझ्यावर नव्हता, बाजूला होता. मग तो उचलला गेला आणि माझ्यावर आला. जावयांचा पाय ब्रेकवर पोहोचला तोपर्यंत गाडी थांबतच आली होती. त्यांना वाटलं, आपणच थांबवली. दुसऱ्यांदा 'थांबा', दुसऱ्यांदा तेच. चढावर तिसऱ्यांदा. साहेबांनी सही केली.

बाहेर आल्यावर जावई मास्तरांच्या पाया पडले. "बघितलंत ना, बाबा? कसली जागच्या जागी थांबवली!" मास्तर म्हणाले, "वा, वा." मला नको म्हणता येत नाही, ज्याचा पाय पडेल त्याचं ऐकावं लागतं, हे खरं. पण त्या दिवशीही माझी छाती फुगली होती. त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

जावयांना नोकरी मिळाली, कंपनीची गाडी मिळाली आणि तीन महिने बरे गेले. मग एका दुपारी मास्तरांचा फोन वाजला आणि ते शिकणाऱ्याला रस्त्यातच उतरवून हॉस्पिटलकडे निघाले. हायवेवर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि पुढचे ट्रक हळू झाले होते. जावयांनी उशिरा ब्रेक लावला, गाडी दुभाजकावर आदळली. लाल झेंडी घेऊन उभा असलेला मजूर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. जावयांना कपाळाला टाके पडले. शेजारी मुलगी बसली होती. तिच्या उजव्या पायाचा घोटा आणि टाच चुरडली.

पुढचे दिवस मास्तर शिकवायचे, पण तोंडाचा पट्टा बंद. येणारे-जाणारे म्हणायचे, "जावयाने घात केला हो. बिचारे मास्तर!" मास्तर मान हलवायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत.

पाच आठवड्यांनी मुलीला घरी आणायला आमचीच गाडी गेली. मास्तर चालवत होते, जावई मागे बसले होते. मुलीला शेजारच्या सीटवर बसवलं, पाय प्लास्टरमध्ये. ती टाच बरोबर माझ्या वर लोंबकळत होती. मग ती खाली माझ्याकडे बघत म्हणाली, "मी ब्रेक दाबला होता, बाबा. लहानपणची सवय ना. ट्रक दिसला आणि मी सगळा जोर लावून दाबला. तिथे नुसता पत्रा होता. डॉक्टर म्हणाले, पाय एवढा ताठ रोवला नसता तर कदाचित निभावलं असतं."

मागून जावयांचा आवाज आला. "मी एकशे तीसवर होतो. कोणी विचारत कसं नाही मला? पण मला खात्री होती हो, बाबा, गाडी थांबेल. परीक्षेत दोन्ही वेळा कशी थांबली होती! तशीच थांबेल असं वाटलं."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत राहिले.

"ती तुम्ही नव्हती थांबवली," ते म्हणाले. "मी थांबवली होती. दोन्ही वेळा. चढावरसुद्धा मीच. हिला शब्द दिला होता आणि तरी पाय टेकवला. माझा जावई नापास झाला तर पाटीचं काय, असं आलं मनात. नोकरी नंतर आठवली."

मुलीने तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तर तिच्याकडे बघून "बाळा" म्हणाले, तरी तिने मान वळवली नाही. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी वितळून रस्त्यात सांडलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच्या पायांनी लायसन्स ऑफिसात गेले आणि मोठ्या साहेबांसमोर सगळं कबूल केलं. सहा महिने आमचं स्कूल बंद राहिलं आणि मागच्या सीटवरच्या साहेबांची चौकशी झाली. जावयांनी आपलं लायसन्स आपणहून परत केलं. मास्तरांनी शिडी लावून पाटी उतरवली आणि तिच्यावर पांढरा रंग फासला.

स्कूल पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिले विद्यार्थी जावईच होते. आता शिकवण्यात हायवे आहे. पुढची गाडी खांबाजवळून गेली की मोठ्याने मोजायचं, एक, दोन, तीन. तीनच्या आत आपण खांबाशी पोहोचलो तर अंतर कमी, वेग जास्त. एका विद्यार्थ्याचे वडील परवा कुरकुरले, "एवढं कडक कशाला, मास्तर? शेवटी सगळे रस्त्यावरच शिकतात."

"शिकतात खरं," मास्तर म्हणाले, "पण रस्त्यावर दुसरी माणसंही असतात हो. त्यांनी काय आपल्या शिकवणीला नाव घातलंय?"

आज जावयांची परीक्षा होती. मुलगी काठी टेकत मास्तरांसोबत ऑफिसात आली. अजून ती वडिलांशी कामापुरतंच बोलते. मी खिळ्याला होतो. तिने मला काढून मांडीवर घेतलं आणि माझ्या रबरावर अंगठा फिरवत बसली. तासाभराने जावई दारात आले.

"नापास," ते म्हणाले. "पट्टी ओलांडली. हातभर."

मुलीने डोळे मिटले. मग म्हणाली, "या वेळी तुम्हीच थांबवलीत ना?"

"हो. मीच."

"मग हातभरच राहिलंय." तिने मला उचलून मास्तरांच्या हातात दिलं. "बाबा, उद्यापासून पुन्हा शिकवा यांना." कितीतरी दिवसांनी तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मास्तरांनी मला पुन्हा खिळ्याला लावलं आणि वहीत उद्याच्या पानावर जावयांचं नाव लिहिलं.

मित्रांनो, मला तुम्हाला उपदेश करायचा हक्क नाही. जे माझ्या जोरावर पास झाले ते आजही कुठल्या ना कुठल्या हायवेवर असतील, आणि त्या सगळ्यांना वाटत असेल की गाडी आपल्याला थांबवता येते. एक विनंती मात्र करतो. तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल, मोकळा रस्ता बघून वेग वाढवाल. तेव्हा शेजारी बसलेली आई, बहीण, मित्र गप्प होऊन पाय पुढे रोवतील, काही नसलेल्या जागी सगळा जोर लावून दाबतील. एकदा तिकडे बघा आणि वेग कमी करा. कारण त्यांच्या पायाखाली मी नसेन.