समईसमोर

मल्लेश्वरमच्या आमच्या घरात समई जळत असताना कुणी खोटं बोलायचं नाही. हा दंडक सासूबाईंचा, म्हणजे कृष्णवेणीअक्कांचा. दोन्ही मुलांना त्यांनी असंच वाढवलं. खोडी झाली की समईसमोर उभं करायचं. मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसूच यायचं. एरवी ही माणसं बिनदिक्कत थापा मारत.

माझा धाकटा दीर रविकिरण आनेकलजवळच्या एका कारखान्यात आगीत सापडला आणि दोन दिवसांनी इस्पितळात वारला. अक्का हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेल्या. माझा नवरा दत्ता म्हणाला, "कामाला चेन्नईला गेलाय म्हणून सांगू." खोटं बोलायचं म्हणून त्याने समई कपाटात ठेवून दिली. त्याच्या या हुशारीचा मला संताप आला, तरी मी गप्प बसले.

संध्याकाळी अक्कांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"समई कुठे आहे?"

"उजळायला दिलीय, अक्का."

"ती कधी घराबाहेर गेली नाही. सुतक आहे ना?"

देवघरात दिवा नाही म्हणजे घरात कुणीतरी गेलंय, हे अक्कांना कळेल, एवढं साधं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाकीचे सगळे मला दिसतात," त्या म्हणाल्या. "सुतकात लावू नये, ठाऊक आहे. तरी आण."

मी समई आणून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि लावली. दत्ता दारात उभा राहून मला मानेनेच नको नको म्हणत होता.

"रविकिरण?"

"हो, अक्का."

"कशाने?"

"कारखान्यात आग लागली."

त्या रडल्या नाहीत. बराच वेळ पदर तोंडाशी धरून पडून राहिल्या. मला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"शुद्धीत होता?"

तो शेवटपर्यंत शुद्धीत होता. आईला हाका मारत होता. मी त्याच्या उशाशी होते. मी समईच्या ज्योतीकडे पाहिलं.

अक्कांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. कशाबशा कुशीवर वळून त्यांनी हात लांबवला आणि जळती वात बोटाने तेलात ओढली. खोलीत अंधार झाला.

"आता सांग. त्याला त्रास नाही ना झाला?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. "झोपेतच गेला."