शुक्रवारचे टपाल

"आजीनं बेनला हिरवा स्वेटर दिला. बेनला तो मुळीच आवडला नाही. तरी तो म्हणाला, 'किती छान!' असं का म्हणाला असेल?"

प्रश्न विचारून हॅना पेन सरसावून बसली. चाचणी घेणारी ही मुलगी तिशीचीही नसावी.

"स्वेटर आजीनं स्वतः विणला होता की विकत आणला होता?" अरुणाने विचारले.

"ते गोष्टीत नाहीये."

"मग कसं सांगू? विणला असेल तर तिची बोटं दुखली असणार. छान म्हणायलाच हवं. विकतचा असेल तर सरळ सांगावं, बदलून आणता येतो. नाहीतर ती बिचारी पुढच्या ख्रिसमसला पुन्हा हिरवाच आणेल."

"पहिलं सुचेल ते सांग, अरुणा."

"पहिलं हेच सुचलं."

हॅनाने काहीतरी लिहिले. अरुणाचे वडील डॉक्टर श्रीनिवास शेजारच्या खुर्चीत लोकरीची टोपी मांडीवर धरून बसले होते. लेकीच्या लहानपणाविषयी सांगायला त्यांना मुद्दाम बोलावले होते.

मग फोटो आले. नुसते डोळे, आणि खाली चार शब्द. त्यातला एक निवडायचा.

"याला कुणीतरी 'असं बघ' म्हणून सांगितलंय, आणि तो कंटाळलाय," अरुणा म्हणाली. 'कंटाळलेला' हा शब्द त्या चारांत नव्हता.

तेवढ्यात हॅनाचे पोट गुरगुरले. दुपारचे दोन वाजून गेले होते. अरुणाने टेबलावरची बिस्किटांची बशी उचलून तिच्यापुढे ठेवली. हॅनाने ती बाजूला सारली आणि पुन्हा काहीतरी लिहिले.

अरुणाला एक्कावन्नावे चालू होते. कॉव्हेंट्रीतल्या एका इस्पितळात, छातीच्या रोगांच्या विभागात, ती सव्वीस वर्षे सेक्रेटरी होती. डॉक्टरांनी सांगितलेली पत्रे टाइप करायची आणि टपालात टाकायची, एवढेच काम. पण त्यात तिने स्वतःचा एक नियम घालून घेतला होता. शुक्रवारी टाकलेले पत्र शनिवारी दारात पडते. त्यात लिहिलेले असते, 'फुप्फुसात डाग दिसला आहे, काही शंका असल्यास फोन करावा.' आणि विभागाचा फोन उचलला जातो सोमवारी नऊ वाजता. म्हणजे माणसाने दोन रात्री तो डाग उशाशी घेऊन झोपायचे. म्हणून असली पत्रे ती सोमवारपर्यंत थांबवी. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी हो म्हटले होते. ते निवृत्त झाले आणि ही गोष्ट सगळे विसरले. अरुणा विसरली नाही.

यंदा नव्या मॅनेजरबाईंनी सगळ्यांना एका हॉलमध्ये आणून बसवले. वीस टेबले, वीस फोन. चौथ्या दिवशी त्या गलक्याने अरुणा बाथरूममध्ये ओकली. शांत खोली हवी असेल तर ऑटिझमचा रिपोर्ट आणा, असे तिला सांगण्यात आले. म्हणून हा सगळा खटाटोप.

रिपोर्ट घरी आला. वार शनिवार.

"बाबा, ऐका," स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती वाचू लागली. "'दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना अरुणाला करता येत नाही. प्रश्न कठीण वाटताच ती खाद्यपदार्थांशी चाळा करू लागली.' चाळा! अहो, ती उपाशी होती!"

"मी पाहिलं ना."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

श्रीनिवास चष्मा पुसू लागले. चाळीस वर्षे त्यांनी भूल देण्याचे काम केले. माणसे झोपेत असली की त्यांना बरे वाटे, बोलावे लागत नसे. "मला वाटलं, मध्ये बोललो तर रिपोर्ट बिघडेल. तू फेल झालीस तरच तुला ती रूम मिळणार होती, बाळा. चुकलंच माझं बहुतेक."

अरुणाने रिपोर्टवरचा नंबर फिरवला. पलीकडून टेप वाजली: कार्यालय सोमवारी नऊ वाजता उघडेल.

"बघा!" तिने फोन ओट्यावर आपटला. "लोकांना मनं कळतात का ते ही बाई तपासते, आणि स्वतः पत्र शुक्रवारी टाकते!"

सोमवारी तिने दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तर आले, हे व्यावसायिक मत आहे, बदलता येणार नाही. हवे तर अख्खा रिपोर्ट मागे घेऊ. अरुणाने दोन दिवस विचार केला आणि रिपोर्ट मॅनेजरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

खोली मिळाली. पूर्वी तिथे जुन्या फायली होत्या. दार लावले की खरेच काही ऐकू येत नसे.

आठवड्याभरात मॅनेजरबाई आल्या आणि लहान मुलाशी बोलावे तशा सावकाश बोलू लागल्या. "अरुणा, लव्ह, ती सेन्सिटिव्ह लेटर्स आता हॉलमधल्या डॉनकडे देऊ हं. समोरच्याला काय वाटेल, तो विचार तुला जड जातो ना."

"पण शुक्रवारी ती टाकायची नसतात. डॉनला सांगा. शनिवारी फोन कुणी उचलत नाही."

बाईंनी मान तिरकी केली आणि गोड हसल्या. "ते तुझं रूटीन आहे ना? आय नो. तुम्हा लोकांना रूटीन मोडलं की त्रास होतो."

सव्वीस वर्षांचा विचार या बाईने एका शब्दात आजाराच्या खात्यात टाकला होता. अरुणा खुर्ची वळवून टाइप करू लागली. बोललेल्याचे काय लिहिले जाते, ते तिने वाचले होते.

शुक्रवारी पावणेपाचला अरुणा आपली पत्रे ठेवायला हॉलमध्ये आली, तेव्हा डॉनने एका हाताने कोट चढवता चढवता टपालाच्या ट्रेमध्ये तसल्या पत्रांची पाच पाकिटे टाकली. "हॅव अ लव्हली वीकेंड, अरुणा!"

"यू टू."

टपालाची गाडी पाचला येई. पाकिटाच्या खिडकीतून नावे दिसत होती. शेवटचे नाव तिच्या ओळखीचे होते. मागच्या वर्षी त्या आजोबांच्या बायकोचे पत्रही तिनेच टाइप केले होते. आता ते घरात एकटे असणार. पकडली गेली तर खोली जाईल, नोकरीही जाईल, आणि रिपोर्टमध्ये एक ओळ वाढेल.

तिने पाचही पाकिटे उचलली. शांत खोलीत नेऊन खणात एकाशेजारी एक मांडली, खणाला कुलूप लावले, आणि कोट घालून ती बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

उद्या त्या पाच घरांत नुसता शनिवार असणार होता.