पाळण्यात आधी मी

मी वरवंटा बोलतोय. हो हो, पाट्यावर चटणी वाटणारा तोच! जन्म सिहोऱ्याला, एका पाथरवटाच्या छिन्नीखाली. संसार जबलपुरात, खमरियाच्या क्वार्टरमध्ये, आधी सासूबाईंकडे आणि आता त्यांच्या सुनेकडे, भानुमतीबाईंकडे.

मिक्सर आला नि माझी चटणी सुटली. पण एक मान कुणी हिरावला नाही. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात मीच! मला न्हाऊ घालतात, झबलं-टोपडं चढवतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात. बाळ माझ्यासारखं दणकट व्हावं म्हणून. मग मला उचलून बाळाला ठेवतात, आणि आत्या त्याच्या कानात नाव सांगते. मला मात्र कधी नाव मिळालं नाही.

सासूबाईंच्या काळात माझं टोपडं वाळत नसे, पाच बारशी झाली! भानुमतीबाईंचा तनय एकुलता. आता तनय-अवंतिकेला मुलगी झाली, आणि इतक्या वर्षांनी मला बोलावणं आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण आत्या कुठून आणायची? तनयला बहीणच नाही. चुलत बहीण बंगळुरात, तिला रजा नाही. बाई कपाळाला हात लावून बसल्या. "नोकरी होती, घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून मीच एकावर थांबले. आता कुणाला बोलू? पण आत्याशिवाय नाव ठेवू कसं?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवंतिका, दुसरं लवकर होऊ दे. हिच्या लेकरांना तरी मामा-मावशी मिळतील."

"काकू, आम्ही दोघंही दिवसभर ड्यूटीवर. एकीलाच हात पुरून नाही राहिले, दुसरं काहून बोलवू?"

तिचं मला पटलं. थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात तनयचा मित्र सौमित्र पुढे आला. पलीकडच्या क्वार्टरमधला, लहानपणापासून याच घरात जेवलेला. मिशीला पीळ देत म्हणाला, "चाची, मैं बन जाऊँ बुआ?"

बाई खो-खो हसल्या. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. इथं मिशांसकट आत्याच आली! चल, बस!"

बिचाऱ्यानं बारसं कधी पाहिलं नव्हतं. पाळण्यात टोपडं दिसलं, तसा वाकला आणि मोठ्या मायेनं माझ्याच कानात म्हणाला, "रेवा!"

"अरे, तो वरवंटा आहे!" बायकांनी त्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मग त्यानं खऱ्या बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि रिवाज म्हणून पुन्हा धपाटे खाल्ले.

"आता याचं नाव काढून घ्या," काकू म्हणाल्या.

"राहू द्या जी," भानुमतीबाईंनी मला पदरानं पुसलं. "पोरगी एकटी नाही. थोरलं भावंड आहे तिला."

मंडळी, एक होऊ द्या की दोन, तुमची सोय तुम्ही बघा. फक्त बारशाला चार दारं ठोठावा, आणि मलाही बोलवा.

हल्ली घरात कुणी "रेवा!" म्हणून हाक मारली, की ती खिदळत रांगत येते. आणि मिक्सरमागून मीही हळूच "ओ" देतो.