चोवीस फूट एक इंच

मुलांनो, जरा डोळे मिटा. आता असं समजा, की तुम्ही बसलाय त्या खोलीची फरशी काचेची झाली. खाली वाकून बघा. आधी माती दिसेल, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, आणि त्या भेगांतून अगदी सावकाश सरकणारं पाणी. हे पाणी तुमच्या खोलीखाली संपत नाही. शेजाऱ्यांच्या खालून, दवाखान्याच्या खालून, बेकरीच्या खालून ते पार रस्त्यापलीकडे जातं. म्हणजे साऱ्या वस्तीचं मिळून एकच पातेलं, आणि ज्याच्या त्याच्या हातात आपापला पळा. पळे सगळ्यांना दिसतात. पातेल्यात किती उरलंय ते मात्र कोणालाच दिसत नाही, कारण खरीखुरी फरशी काही काचेची नसते.

उघडा आता डोळे. एका वस्तीने यावर तोडगा काढला होता. त्यांनी आपला एक ट्रस्ट केला आणि ठरवलं, की वस्तीतल्या नऊही विहिरींचं पाणी दर रविवारी सकाळी मोजायचं. पाणी काठापासून किती खोल आहे तो आकडा वहीत शाईने लिहायचा, आणि ट्रस्टच्या दारावरच्या फळ्यावरही. प्रत्येक विहिरीची एक लाल रेषा ठरलेली होती. लागोपाठ तीन रविवार पाणी त्या रेषेखाली गेलं, तर तिथला पंप महिनाभर बंद. कोणाची ओळख नाही, वशिला नाही. या कागदावर साऱ्या वस्तीच्या सह्या होत्या.

मोजायचं काम मुलांचं. लाँड्रीमागची विहीर होती दहा वर्षांच्या एका मुलीकडे. तिला सारी गल्ली फूटपट्टी म्हणायची. एक तर ती तशी सरळसोट होती, आणि दुसरं म्हणजे दिसेल ते मोजायची. बाबांची जांभई सेकंदांत, धाकट्या भावाचं नाक इंचांत. ट्रस्टची वही सांभाळायची तिची आत्या. मुलांच्या हाती टेप द्यायला मोठी माणसं आधी तयार नव्हती. "पोरखेळ होईल सगळा," असं म्हणणारे होते. आत्याने भांडून ते मान्य करून घेतलं होतं, आणि फूटपट्टीला ते ठाऊक होतं.

मोजण्याची रीत साधी होती. दोन तास आधी पंप बंद. लोखंडी टेपच्या टोकाला वजन, आणि खालच्या चार फुटांना खडू फासलेला. काठावरच्या निळ्या खुणेवर टेपचा सव्वीसचा आकडा येईपर्यंत तो आत सोडायचा, मग वर ओढायचा. पाण्यात बुडला तेवढ्या भागावरचा खडू भिजून काळा दिसतो. तेवढं सव्विसातून वजा करायचं.

लाँड्रीमागच्या विहिरीची लाल रेषा चोवीस फुटांवर होती. आकडा कित्येक आठवडे साडेबावीसच्या आसपास होता, बावीस फूट सहा, बावीस फूट सात. आणि एका रविवारी आला चोवीस फूट एक इंच. पुढच्या रविवारी तोच. तिसऱ्या रविवारी तर चोवीस फूट दोन. बाकीच्या विहिरींचे आकडेही वाढले होते, पण लाल रेषा ओलांडली ती हिनेच.

आत्याने आकडा लिहिला आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "काका, झाले तीन."

लाँड्रीवाले काका दारात उभे होते. त्यांच्याकडे धुवायला येत त्या दवाखान्याच्या चादरी. हाताखाली दोन बायका कामाला. महिन्यापूर्वीच त्यांनी धुण्याचं नवं मोठं यंत्र आणलं होतं, आणि पाणी गेलं ते त्या यंत्राच्या पोटात, हे सांगायला कोणा ज्योतिष्याची गरज नव्हती.

"सही माझीही आहे, ताई," काका म्हणाले. "उद्या सकाळपासून पंप बंद. पण एक सांगू का? वीज गेली की मी रहाटावर पाणी काढतो. माझ्या दोरीला गाठ आहे. गाठ चाकाशी आली की खाली बादली पाण्याला टेकते. परवाही तिथेच टेकली."

"दोरी ताणते, काका. टेप ताणत नाही."

"दोरी ताणली तर ताणली, पण माझ्याच बाजूने कशी ताणेल?" काका हसले. मग आत जाऊन त्या दोघी बायकांना म्हणाले, "बायांनो, महिनाभर सुट्टी." पण त्या काही हसल्या नाहीत. एक जण हातातली चादर पुन्हा पुन्हा घडी करत राहिली.

फूटपट्टी घरी गेली, जेवली, पण अन्नात लक्ष नव्हतं. टेप खोटं बोलत नाही. काकाही खोटं बोलत नाहीत. मग दोघांपैकी चुकतंय कोण? दुपारी ती पुन्हा लाँड्रीमागे आली. काका इस्त्री करत होते.

"काय गं, फूटपट्टी? आता चौथा रविवार आजच उरकतेस का?"

"नुसती बसते, काका."

"बस की. बसण्याला पंप लागत नाही."

ती काठाजवळ उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे कोपरं टेकवायला गेली. कोपरं पोचली नाहीत. हनुवटी कशीबशी टेकली. हे तीन रविवार सकाळी मोजताना ती काकांनी दिलेल्या स्टुलावर उभी असायची, त्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. "मी बुटकी झाले की काय?" ती स्वतःशी म्हणाली. आता तुम्हीच सांगा, माणूस महिन्याभरात इतकं बुटकं होतं का?

तिने खाली पाहिलं. जुना दगडी काठ शेवाळाने काळपट झाला होता आणि त्याच्या वर नव्या गिलाव्याचा फिकट पट्टा होता. मोजणारी मुलं फार वाकतात, म्हणून आकडा चोवीसवर गेला त्याच्या आधल्याच आठवड्यात ट्रस्टनेच गवंडी बोलावून काठ उंच करून घेतला होता. तो ठराव आत्यानेच लिहिला होता. जुनी निळी खूण गिलाव्याखाली गेली, तेव्हा गवंड्याकडून ब्रश मागून नव्या काठावर नवी खूण काढली होती ती फूटपट्टीने. किती हौसेने काढली होती.

तिने खिशातला छोटा टेप काढला आणि फिकट पट्टा मोजला. एक फूट सहा इंच.

पाणी खाली गेलंच नव्हतं. काठ वर गेला होता. काकांच्या रहाटाचे खांब जमिनीत रोवलेले, ते होते तिथेच होते. पाणी मोजण्यात हुशार असलेल्या एवढ्या मोठ्या ट्रस्टमध्ये काठ मोजायचं कोणाला सुचलं नव्हतं.

वहीत तीन रविवार तिच्या नावापुढे शाईने लिहिलेले. हे सांगितलं की लोक म्हणणार, पोरखेळ म्हटलं नव्हतं का? टेप जाईल, आत्याची मान खाली जाईल. आणि नाही सांगितलं, तर? आतून इस्त्रीचा आवाज येत होता. काका शेवटच्या चादरी उरकत होते.

ती ट्रस्टच्या खोलीकडे पळाली. तिथे आत्या होती आणि ट्रस्टच्या अध्यक्षबाई होत्या. त्या पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"आत्या, माझे तीनही आकडे चुकलेत," फूटपट्टी एका दमात म्हणाली. "खूण मी वर काढली. दीड फूट."

आत्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अगं, ठराव मी लिहिला. सकाळी त्या काठावर वही ठेवून आकडे मी लिहिले. मलाही दिसला नाही."

"त्या ठरावावर सह्या तर आम्हा सात जणांच्या आहेत," सिस्टर म्हणाल्या. "चूक वाटून घ्यायची तर हिच्या वाट्याला जेमतेम चिमूटभर येईल. हे सापडलं मात्र एकटीला. आण गं ती वही."

फूटपट्टीला वाटलं, आता पान फाटणार. पण सिस्टरनी तिच्याच हातात पेन दिलं. "चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मार. तो वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिही, आणि चूक कशाने झाली तेही. पुढच्याला उपयोगी पडेल."

फूटपट्टीने लिहिलं. बावीस फूट सात, बावीस फूट सात, बावीस फूट आठ. खाली लिहिलं, "काठ वर गेला होता."

तिघी मिळून लाँड्रीत गेल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे माझी दोरी साक्षीला बरी निघाली."

"तुमच्या दोरीची मी माफी मागते, काका," आत्या म्हणाली.

"लाल रेषेला सोळा इंचच बाकी आहेत पण," सिस्टरनी बजावलं. "नवं यंत्र पितं ते खरंच."

"मला कळत नाही का? शेवटच्या खळबळण्याचं पाणी साठवीन म्हणतो, पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला." मग ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "बायांनो, तुमची सुट्टी रद्द." या वेळी मात्र दोघी हसल्या. आणि टेप? टेप सिस्टरनी फूटपट्टीच्याच गळ्यात अडकवला.

ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. मोठी माणसं चहाला बसली. फूटपट्टी मात्र टेप घेऊन बेकरीमागच्या विहिरीवर गेली, कारण त्या गवंड्याने त्याच आठवड्यात नऊही काठ उंच केले होते. टेप आत सोडण्याआधी ती गुडघ्यांवर बसली, आणि तिने आधी जमिनीपासून काठ मोजला.