न फुटलेली प्लेट

दिग्दर्शक लुकियान देमिदोविचला सिनेमाचा दोव्झेन्को राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि नऊ वर्षं ज्यांनी त्याचा फोन उचलला नव्हता, त्यांना एकाएकी त्याचा नंबर सापडला. जग असंच असतं, त्याचं काही नाही. पण लुकियानची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. टीव्हीवर त्याने एक थाप मारली होती.

कीवमध्ये शूटिंगच्या पहिल्या दिवशी प्लेट फोडतात. तिच्यावर पिक्चरचं नाव आणि सगळ्यांच्या सह्या. कॅमेऱ्याच्या स्टँडवर आपटायची, एकेक तुकडा एकेकाने जपायचा, पिक्चर पुरा झाला की जुळवायचे. प्लेट फुटली नाही तर पिक्चर बुडाला म्हणून समजा. देव न मानणारे सिनेमावाले हे मात्र मानतात.

लुकियानची प्लेट फुटली नव्हती. घाईत त्याने बायकोच्या फडताळातून न फुटणाऱ्या काचेची उचलली होती. पहिल्या फटक्याला स्टँडचा पाय वाकला. दुसऱ्याला प्लेट उसळून साउंडवाल्या यारेमाच्या नडगीवर बसली. मग सगळ्यांनी शपथ घेतली, फुटली म्हणूनच सांगायचं. प्लेट नेऊन फेक, असं लुकियानने बायकोला, ओदार्काला, सांगितलं आणि विषय मिटवला.

आणि आता मुलाखतीत तो बोलून गेला, "आमचे तुकडे अजून प्रत्येकाच्या घरी आहेत. तुकडे जुळले की देश होतो." असली वाक्यं बोलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी, पण लोक रडले. रडणार नाहीत तर काय, लोकांना तेवढंच हवं असतं. चॅनलवाल्यांचा फोन आला: पुरस्काराच्या आदल्या दिवशी घरी येतो, तुकडे जुळवताना दाखवतो. थाप उघडी पडली तर दुसऱ्या दिवशी मंचावर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

ठरल्या दिवशी दुपारी यारेमा आणि कॅमेरामन पानास आपापले तुकडे घेऊन हजर झाले.

"यारेमा, ही बाथरूमची टाइल आहे."

"मागची बाजू दाखवू नकोस, झालं."

"आणि तुझ्या तुकड्याला सोनेरी काठ कसा रे, पानास?"

"सासूचा सेट आहे. तुला पदक मिळेल, मला आजपासून जेवण नाही."

लुकियानचा स्वतःचा तुकडा निळ्या फुलांच्या बशीचा होता. तिन्ही टेबलावर शेजारी ठेवले. भांडलेल्या भावांसारखे दिसत होते.

चॅनलची मेलानिया आली, सोबत कॅमेरा घेतलेला एक जण. तिने तुकड्यांकडे पाहिलं, मग लुकियानकडे पाहिलं. "जरा लांबून घेऊ, धूसर छान दिसेल," म्हणाली. काम उरकलंसुद्धा. लुकियानने सुटकेचा श्वास सोडला, तोच ओदार्का स्वयंपाकघरातून आली. तिच्या दारातून उपाशी कोणी गेलेलं नाही. बटाटा भरलेल्या गरमागरम वारेनिकींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, रास आणि वर आंबट साय, अशी प्लेट तिने मेलानियापुढे ठेवली. बाकीच्यांची पानं वाढली आणि पातेलं मध्ये ठेवलं.

मेलानियाने दोन वारेनिकी खाल्ल्या. प्लेटच्या काठाशी काळ्या शाईचा एक फराटा दिसू लागला. लुकियानने ओळखलं. ती प्लेट! बायकोने फेकलीच नव्हती.

त्याने पळीभर वारेनिकी तिच्या प्लेटमध्ये ओतल्या. "खा, बाळ."

"बास, लुकियान देमिदोविच."

"आमच्याकडे बास म्हणत नाहीत."

ती एक खायची, तो दोन वाढायचा. डाव्या बाजूला पिक्चरच्या नावाचं पहिलं अक्षर उघडं पडलं, त्यावर त्याने साय थापली. उजवीकडे यारेमाची सही डोकावली, तर यारेमाने स्वतःच्या पानातली वारेनिकी उचलून तिच्यावर ठेवली. पोरीच्या कपाळावर घाम आला.

"तिला मारायचं आहे का तुला?" ओदार्का म्हणाली.

"तू ही प्लेट फेकली का नाहीस?" तो दातातल्या दातात म्हणाला.

"चांगली धडधाकट प्लेट का फेकू? शाई तेवढी जात नाही मेली. नऊ वर्षं घासतेय. तू कधी भांडी घासली असतीस तर दिसली असती."

मेलानियाने खाणं थांबवलं. काट्यानेच साय बाजूला केली आणि शांतपणे वाचलं. मग म्हणाली, "सगळ्यात मोठी सही तुमचीच आहे."

पानास खिडकीबाहेर बघू लागला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मला तुकडे आणायला सांगितलंय. अख्खी प्लेट कोण बघतं?"

लुकियानला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याच्या डोक्यात सणक गेली. त्याने तिच्यापुढून प्लेट उचलली, आयुष्यात पहिल्यांदा नळाखाली धुतली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. "चालू कर रे. फुटली नाही. म्हणून नऊ वर्षं लागली. पण पुरा केला. हेही दाखव."

मेलानियासोबतच्या माणसाने कॅमेरा चालू केला. लुकियान सगळं बोलला, नडगीसकट.

रात्री बातम्यांत फक्त धूसर तुकडे दाखवले. दुसऱ्या दिवशी पदक मिळालं, टाळ्या पडल्या, आणि एका संग्रहालयाने टाइलचा तुकडा, सोनेरी काठ आणि निळं फूल काचेच्या पेटीत मखमलीवर मांडलं.

लुकियान प्लेट घेऊन तिथे गेलाही होता. ते म्हणाले, नको, आमच्याकडे मूळ वस्तू आहे.

"बरं झालं," ओदार्का म्हणाली. "वारेनिकी काय तुझ्या पदकावर वाढू?"