दंडावरचा बिब्बा

कायद्याला बगल कशी द्यायची, हे पाठ असलेलं एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतं. बुधवारा पेठेत, गिरधरच्या घरी ही हुशारी त्याच्या आईकडे होती. गिरधर कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, फिटर. साहेबाच्या राज्यात तेव्हा आफ्रिकेत मोंबाशाला नवं जिन निघत होतं आणि तिथं त्याला नोकरी लागली होती. पण मुंबईच्या धक्क्यावर डॉक्टर प्रत्येकाचा दंड बघायचा. देवीची लस टोचल्याचा वण नसला, तर आगबोटीत पाय ठेवू देत नसत.

आणि गिरधरच्या दंडावर वण नव्हता! लहानपणी टोचणारा गल्लीत आला की गोदाबाई त्याला सरकीच्या पोत्यांमागे दडवायची. टोचलं तर देवी कोपते, अशी तिची पक्की समजूत.

"काही टोचायचं नाही," ती म्हणाली. "बिब्ब्याचा चटका देते. वण हुबेहूब उठतो. त्या डॉक्टरच्या बापाला कळणार नाही!"

भर दुपार होती. तिनं दाभणाला खोचलेला बिब्बा दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. गिरधरनं बाही वर केली, तोच उंबऱ्यात शेजारची मालूबाई येऊन उभी राहिली. दोघींच्या घरांची भिंत एकच, इकडचा शब्द तिकडे ऐकू जायचा. पण आफ्रिकेला निघालेला मुलगा लोटू वाटेतच वारला, तेव्हापासून मालूबाई कोणाशी चकार शब्द बोलली नव्हती. आज ती सरळ आत आली आणि गिरधरच्या उघड्या दंडाकडे बघत खाली बसली.

"माह्या लोटूला मी असाच चटका दिला होता," ती म्हणाली. "डॉक्टर फसला. रोग नाही फसला व, गोदाबाई! भर समुद्रात लोटूला देवी आल्या. घरी त्याची पेटी तेवढी आली. त्यातली चादर मी नातवाला पांघरली. बापाची ऊब म्हणून! नातू गेला, त्याची माय गेली. मला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून मी उरले."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. करकर, करकर. लाकडावर नखं घासल्यासारखा. हा आवाज गिरधर रोज दुपारी ऐकायचा. मालूबाई काहीतरी घासत असेल, असं त्याला वाटायचं. पण मालूबाई तर समोर बसली होती!

"मावशी, तुमच्या घरात कोण आहे?"

"कोणी नाही रे. पेटी आहे."

करकर थांबली. मग अगदी स्पष्ट शब्द आले, "आई, दंड खाजतो."

अगं माय! गोदाबाईच्या हातून बिब्बा गळून पडला. गिरधरला दरदरून घाम फुटला. बिब्बा लागलाही नव्हता, तरी त्याच्या दंडाला खाज सुटली होती.

"पण देवी कोपली तर?" गोदाबाई रडकुंडीला आली.

"इच्छापूरच्या देवीला मी रोज हात जोडते. लेकरं मारून तिला काय मिळणार? लबाडी मी केली, तिच्या माथी कशाला मारू? तुहा गिरधर एकटा मरायचा नाही. बोटीतली माणसं घेऊन मरेल. आणि त्याची पेटी या घरात आली, तर ही कमल..."

गिरधरची चिमुरडी कमल चुलीपाशी भातुकली मांडून बसली होती. गोदाबाईनं झडप घालून तिला उचललं.

"ऊठ, गिरधर! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल! पोरीलाही टोचू, मलाही टोचू दे!"

पुढच्या आठवड्यात जेवता जेवता गिरधर सहज म्हणाला, "आई, दंड खाजतो."

गोदाबाईचा घास हातातच राहिला. तिनं ओरडूनच मालूबाईला बोलावलं. मालूबाईनं बाही वर करून टोचल्या जागचा टपोरा फोड पाहिला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"खाजू दे. खाजवू मात्र नको हं. टोच लागू पडली तुही. आता बिनघोर जा."

मग ती उठली, भिंतीला कान लावून बराच वेळ उभी राहिली. पलीकडे काहीच आवाज नव्हता.

"निजला," ती हळूच म्हणाली.

काही वर्षांनी गिरधर मोंबाशाहून परतला. स्वतःची पेटी त्यानं स्वतःच्या डोक्यावर आणली.

बंधूंनो, भगिनींनो, दूरदेशी जाताना लोणचं, पापड, अंथरूण सगळं आठवणीनं बांधता ना? मग निघण्याआधी टोचूनही घ्या, आणि घरच्यांनाही टोचून आणा! धक्क्यावरच्या डॉक्टरला चकवून बोटीत चढाल हो, पण घरी कोण परत येईल?